व्हर्लिनचा पाय कोणी उचलला?

मे महिन्यातल्या त्या रविवारी दुपारी लॉरेल फोर्कच्या खोऱ्यात घरी कुणीच उरलं नव्हतं. शाळेमागच्या पटांगणात ब्रदर टॉलिव्हर नावाच्या फिरत्या धर्मोपदेशकाने जुन्या फौजी ताडपत्रीचा तंबू ठोकला होता आणि त्यात तीनशेच्या वर माणसं दाटली होती. पहिल्या पाळीचे खाणकामगार, दुसऱ्या पाळीचे, छाती कोळशाने भरल्यामुळे कायमचे घरी बसलेले, बायका, कडेवरची पोरं. अगदी पुढच्या बाकावर माझा जुना विद्यार्थी व्हर्लिन स्टॅम्पर बसला होता. बसला होता म्हणजे बसवला होता. दोन्ही बाजूंनी दोन माणसं त्याला खांदा देऊन होती, नाहीतर तो आडवा झाला असता. फेब्रुवारीत खाणीचं छत त्याच्या पाठीवर कोसळलं, तेव्हापासून कमरेखालचं अंग त्याच्या मालकीचं राहिलं नव्हतं. वय चोवीस.

टॉलिव्हर त्याच्यापुढे गुडघे टेकून बसला. कमरेला लांब पांढरा टॉवेल, समोर एनॅमलचं घमेलं, घमेल्यात डोंगरातल्या झऱ्याचं पाणी. ते पाणी इतकं गार असतं की पिताना दात ठणकतात.

“व्हर्लिन बाळा, डोळे मिटायचे नाहीत हं,” टॉलिव्हर म्हणाला. “श्रद्धेला डोळे लागतात. बघ, तुझ्या पायाकडे बघ. सैतान म्हणतो हा पाय मेला. मी म्हणतो झोपलाय. काय हो मावशी, झोपलेल्याचं काय करतात?”

“उठवतात,” बायका म्हणाल्या.

“आणि गाढ झोपला असेल तर?” त्याने विचारलं. “मग त्याला त्याच्या नावाने हाक मारतात.”

त्याने पाणी ओतलं, तळव्यावरून हात फिरवला आणि मग म्हटलं, “पाया, ऊठ.” व्हर्लिनचा अंगठा वर ताठ झाला. मग घोटा वळला, गुडघा दुमडला आणि सगळा पाय घमेल्यातून असा उचलला गेला की पाणी पुढच्या तीन रांगांवर उडालं. सहा-सात सेकंद तो पाय तसाच हवेत राहिला. मग हळूहळू खाली आला.

त्यानंतर जे झालं त्याला गोंगाट म्हणणं कमी पडेल. धट्टीकट्टी माणसं ढसाढसा रडत एकमेकांच्या गळ्यात पडली. माझ्या शेजारी ओर्लिना उभी होती, व्हर्लिनची आई. पहिलीपासूनची माझी मैत्रीण. तिने माझा हात धरला आणि ती हसायला लागली. फेब्रुवारीपासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

मला त्याच क्षणी कळलं होतं की तो पाय व्हर्लिनने उचललेला नाही. आणि मी मूग गिळून बसले.

ही गोष्ट मी ब्रदर टॉलिव्हरची अब्रू काढायला लिहीत नाही. त्याला अब्रू असती तर काढली असती. मी माझ्या स्वतःच्या गप्प बसण्याचा हिशेब देते आहे.

आधी पाय धुण्याविषयी सांगायला हवं. आमच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा हा विधी असतो. पुरुषांचे पाय पुरुषांनी धुवायचे, बायकांचे बायकांनी. ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्यापुढे घमेलं घेऊन बसायचं. माझ्या वडिलांचे पाय त्यांच्याशी नऊ वर्षं अबोला धरलेल्या माणसाने धुतलेले मी पाहिले आहेत. मी देवाधर्माची फारशी नाही, तरी त्या दिवशी मीही रडले होते. आमच्या खोऱ्यात घमेल्यापुढे वाकलेल्या माणसाच्या हाताकडे कुणी संशयाने बघत नाही. तसं बघणं म्हणजे पापच. टॉलिव्हर परक्या खोऱ्यातून आलेला, पण त्याने ही मेख बरोबर हेरली. दुसऱ्या कुठल्याही गावात लोकांनी त्याच्या हाताचा अंगठा पाहिला असता. आमच्याकडे पाणी ओतताना सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या.

मी पाहिला. एकतीस वर्षं परीक्षेत कॉपी पकडणाऱ्या बाईची मान सहसा खाली जात नाही. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख त्याने वाढवलं होतं. पाणी ओतलं की ते नख टाचेपासून बोटांकडे, तळव्याच्या बाहेरच्या कडेने ओढायचं, आणि मग म्हणायचं “ऊठ”. आधी नख, मग हुकूम. पाय हुकमाची वाट बघत नव्हता, हुकूमच पायाची वाट बघत होता.

व्हर्लिनला इस्पितळातून घरी पाठवलं तेव्हा डॉक्टरांनी ओर्लिनाला समोर बसवून सांगितलं होतं. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू पूर्ण तुटलाय. चालणं आता होणार नाही. पण नीट काळजी घेतली तर मुलगा म्हातारा होईपर्यंत जगेल. कमरेखाली त्याला काही जाणवत नाही, म्हणून एका कुशीवर दोन तासांहून जास्त ठेवायचं नाही, रात्रीसुद्धा नाही. बसवताना खाली जाड उशी. रोज सकाळी आरसा धरून पाठ आणि बैठकीचा भाग बघायचा, कुठे लाल झालंय का, कारण लाली ही सडणाऱ्या जखमेची सुरुवात. आणि वीस जूनला शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्याच्यासाठी खाट रिकामी होणार होती. तिथे अशा माणसांना नव्याने जगायला शिकवतात. वीस तारखेला पोचला नाही, तर खाट यादीतल्या पुढच्या माणसाला.

“बाई, तिथे नुसत्या हातांनी गाडी चालवायला शिकवतात,” व्हर्लिन मला एप्रिलमध्ये म्हणाला होता. “ब्रेकसुद्धा हाताने. आईला मी बाजारात घेऊन जाईन. ती मागून सूचना देत बसेल.”

एप्रिलच्या शेवटी ओर्लिना त्याच्या पायाची नखं कापत होती. कात्री तळव्याला लागली आणि पाय एकदम वर आला. आधीचे दोन महिने ते पाय ओल्या पोत्यासारखे पडून होते. इतका मोठा घाव बसला की घावाखालचा मज्जारज्जूही काही आठवडे बधिर होतो, आणि मग आपल्या आपण जागा होतो. हे होणारच होतं. टॉलिव्हर आला नसता तरी झालं असतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि कावळ्याने फांदीचं श्रेय घेतलं.

ओर्लिना कात्री टाकून धावत सुटली ती डोंगरापलीकडे, जिथे तेव्हा टॉलिव्हरचा तंबू होता. बुडत्याला काडीचा आधार. तो दुसऱ्या दिवशी तिच्या घरी आला, तिच्या हातचा मक्याचा पाव आणि घेवड्याची उसळ दोनदा मागून खाल्ली आणि बारीकसारीक विचारत राहिला. कुठला पाय? कात्री नेमकी कुठे लागली? किती वर आला? ओर्लिनाने मला हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. “किती आस्थेने विचारतो गं. डॉक्टरांनी तरी इतकं विचारलं का?”

मग दर रविवारी तंबू आणि दर रविवारी चमत्कार. दुसऱ्या रविवारी डावाही पाय उठला. तिसऱ्या रविवारी नुसतं पाणी पडताच उठला, नखाची गरज लागली नाही. चौथ्या रविवारी घमेलं यायच्या आधीच दोन्ही पाय थाडथाड उडायला लागले. लोक म्हणाले, कृपा वाढते आहे. शेजारच्या खोऱ्यांतून ट्रक भरभरून माणसं यायला लागली.

आणि टॉलिव्हरने ओर्लिनाला हुकूम सोडले. दोन-दोन तासांनी वाजणारं गजराचं घड्याळ म्हणजे संशयाचं घड्याळ, ते बंद. बरा झालेला माणूस चारचौघांसारखा लाकडी बाकावर बसतो, म्हणून उशी बंद. आरसा बंद, कारण देवाचं काम तपासायचं नसतं. आणि वीस जूनचं इस्पितळ बंद. “जो पाय देवाने उठवला, तो पाय घेऊन तू डॉक्टरच्या दारात उभी राहणार? देवाला काय वाटेल, ओर्लिना?”

ओर्लिनाला त्याच्या बैठकीवर लाली दिसली होती. तिने टॉलिव्हरला विचारलं. तो म्हणाला, “रक्त परत येतंय.”

तिसऱ्या आठवड्यात मी धीर करून तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले होते. ती पीठ मळत होती, गुणगुणत होती.

“ओर्लिना, घड्याळ का बंद केलंस?”

“गरज नाही आता.”

“डॉक्टर म्हणाले होते...”

“डॉक्टर म्हणाले होते पाय मेले. तू स्वतः बघितलंस ना?”

“बघितलं. म्हणूनच सांगते. पाय हलतो तो मज्जारज्जूच्या खालच्या तुकड्यामुळे. मेंदूचा त्यात काही संबंध नाही. शाळेत मी बेडकावर दाखवते बघ...”

तिने हात थांबवले. “ओपल, तुझा बेडूक आणि माझा मुलगा एक नाही.”

यावर मला उत्तर होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून ते तोंडातच राहिलं. मी कॉफी संपवली आणि घरी आले. मनाशी म्हटलं, वीस तारखेपर्यंत वेळ आहे. तेवढे दिवस हसू दे तिला. मी स्वतःला समजूतदार समजत होते.

सहाव्या रविवारच्या आदल्या दिवशी व्हर्लिनने शेजाऱ्याकरवी मला निरोप धाडला. तो पुढच्या पडवीत खुर्चीवर होता. पाय सारखे उडत होते म्हणून खुर्चीला जुन्या पट्ट्याने बांधले होते. चेहरा लालसर, कपाळाला घाम. मला वाटलं ऊन आहे.

“बाई, तुमचा ऑक्टोबरचा बेडूक आठवतो?” त्याने आल्या आल्या विचारलं.

आठवत होताच. दरवर्षी ऑक्टोबरात मी नववीच्या मुलांना मेंदू काढलेला बेडूक दाखवत असे. त्याच्या कुशीवर व्हिनेगरमध्ये बुडवलेला कागदाचा कपटा ठेवायचा. मागचा पाय येतो आणि कपटा झटकून टाकतो. मुलं दरवर्षी हसत. ज्या वर्षी व्हर्लिन वर्गात होता, तेव्हा तो एकटा हसला नव्हता. त्याने विचारलं होतं, “बाई, त्याला कळतंय का?” मी म्हटलं होतं, “कळणारा भाग आता नाही.” आणि पुढच्या धड्याकडे वळले होते.

“मी तो बेडूक आहे का, बाई?” व्हर्लिनने विचारलं.

मी पडवीच्या पायरीवर बसले.

“आईला विचारू शकत नाही. ब्रदरला विचारून उपयोग नाही. तुम्ही कधी मार्क वाढवून दिले नाहीत, म्हणून तुम्हाला विचारतोय.”

मग मी सांगितलं. चुलीवर हात भाजला की हात आधी मागे येतो आणि चटका नंतर कळतो. कातडीतून निघालेली नस पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत खबर नेते. तिथल्या तिथे निर्णय होतो, दुसरी नस स्नायूला हुकूम देते, हात मागे. खबरेची एक प्रत वर मेंदूला जाते, ती पोचेपर्यंत काम झालेलं असतं. तुझ्या पायांच्या नसा शाबूत आहेत. मज्जारज्जूचा खालचा तुकडाही शाबूत आहे. तळव्याला काही लागलं की तो तुकडा पाय मागे घेतो. फक्त वरची वाट तुटली आहे. वरून हुकूम खाली येत नाही, खालून खबर वर जात नाही.

त्याने समोरच्या डोंगराकडे बोट दाखवलं. “खाणीतल्या फोनसारखं,” तो म्हणाला. “तारेवर छत पडलं की आत अडकलेले एकमेकांना फोन करू शकतात. पंप बंद कर, पंखा चालू कर, सगळं आतल्या आत चालतं. बाहेरच्या ऑफिसात मात्र घंटा वाजत नाही.” मग म्हणाला, “मी ऑफिसात बसलोय, बाई.”

मी त्याच्या पायांचा सैल झालेला पट्टा आवळला.

“ते म्हणतात ना, पायाकडे बघ. बघितलं की खरंच वाटतं मीच उचलला. काल मी डोळे मिटून पडलो. आईने गोधडी ओढली आणि म्हणाली, बघ बघ, हलला. मला काही कळलं नाही. तेव्हाच समजलो.” त्याने माझ्याकडे बघितलं. “उद्या तंबूत मी डोळे झाकणार आहे.”

“अरे, आईला एकटीला सांग. चारचौघांत कशाला?”

“एकटीला सांगितलं तर म्हणेल माझीच श्रद्धा कमी. तिला दिसायला पाहिजे. आणि एस्टिल काकांनी मला बघून साखरेच्या आजाराची इंजेक्शनं बंद केलीत, माहीत आहे तुम्हाला? माझ्या पायाकडे बघून, बाई.”

रविवारी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. टॉलिव्हरने टॉवेल बांधला, घमेलं आलं. “डोळे उघडे, बाळा. श्रद्धेला...”

व्हर्लिनने खाणीतली टोपी डोळ्यांवर ओढली. “आज मी डोळे झाकून बसतो, ब्रदर. तुम्ही धुवा. पाय उठला की मी हात वर करीन.”

टॉलिव्हर हसला. “असं नसतं बाळा. अंधारात सैतान असतो.”

“आम्ही रोज पाळीभर अंधारातच असतो, ब्रदर. देव तिथे येत नाही का?”

खाणवाल्यांच्या रांगेत खसखस पिकली. एस्टिल काका, आमच्या चर्चमधले सगळ्यांत वडीलधारे, काठी टेकत उठले. “पोराचं बरोबर आहे. धुवा तुम्ही. कृपेला टोपीची काय अडचण?”

आता टॉलिव्हरला सुटका नव्हती. त्याने घाईने पाणी ओतलं. पाणी पडायचा अवकाश, उजवा पाय उसळला, गुडघा छातीकडे गेला. सगळ्यांचे डोळे व्हर्लिनच्या हाताकडे. हात मांडीवरच होता. पाय खाली आला. तंबूत ताडपत्रीची फडफड ऐकू येत होती.

“सुरू करा ना, ब्रदर,” टोपीखालून व्हर्लिन म्हणाला.

मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. टॉलिव्हर ताडकन उठला. “संशय. या तंबूत संशय शिरलाय. शक्ती निघून गेली. मला जाणवलं, अशी खांद्यावरून गेली...”

“आई, तू ये,” व्हर्लिन म्हणाला. “तू धू.”

पुरुषाचे पाय बाईने धुवायची आमच्यात रीत नाही. पण कुणी अडवलं नाही. ओर्लिना येऊन घमेल्यापुढे बसली. मी तिच्यामागे उभी राहिले आणि वाकून सांगितलं, “अंगठ्याचं नख. टाचेपासून वर, बाहेरच्या कडेने.” तिने तसं केलं. पाय उठला. तिच्या हातून, मंत्राशिवाय, टॉलिव्हरशिवाय, तितकाच उंच.

तिने मुलाच्या हाताकडे बघितलं. हात मांडीवर होता.

“आई,” व्हर्लिनने विचारलं, “हलला का गं?”

तिने तो पाय पदरात घेतल्यासारखा टॉवेलमध्ये छातीशी धरला.

“आई, सांग ना. हलला का?”

“हलला,” ती म्हणाली.

“मला कळलं नाही.”

त्याने टोपी काढली आणि मान वळवून खाणवाल्यांना फोनची गोष्ट सांगितली, मला सांगितली होती तशीच. मला पुढे काही समजावायची गरज पडली नाही. तुटलेली तार म्हणजे काय, हे त्या तंबूत प्रत्येकाला ठाऊक होतं. एस्टिल काका खाली बसले. मग शेजारच्या माणसाला हळूच म्हणाले, “माझी इंजेक्शनं फळीवरच असतील, नाही का?”

टॉलिव्हर सोमवारी सकाळपर्यंत तंबूसकट नाहीसा झाला. पुढे कळलं की तो अकरा वर्षं सैनिकांच्या एका इस्पितळात वॉर्डबॉय होता. कणा मोडलेल्या जवानांना दर दोन तासांनी कुशीवर वळवणं हेच त्याचं काम. म्हणजे त्याला पायांचं माहीत होतं, आणि घड्याळाचंही माहीत होतं.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती चारचौघांत मिरवत सांगितली असती. पण व्हर्लिनला बाकावरून उचललं तेव्हा बाकावर ओला डाग होता. कुजका वास आला. ओर्लिनाने माझ्याकडे बघितलं आणि दोघींनाही एकाच वेळी समजलं की गेला महिनाभर कुणीही आरसा धरलेला नाही.

दुसऱ्याच दिवशी, वीस जूनला, आम्ही त्याला इस्पितळात नेलं. खाट होती. डॉक्टरांनी त्याला पालथं केलं. बैठकीवरच्या जखमेत माझी मूठ मावली असती, आणि तळाशी हाड दिसत होतं.

“पाय कधीपासून इतके उडतायत?” डॉक्टरांनी विचारलं.

“पाच आठवडे,” मी म्हटलं. “दर आठवड्याला जास्तच.”

त्यांनी डोळे चोळले. “तुम्ही जीवशास्त्र शिकवता ना? तुम्हाला प्रतिक्षिप्त क्रिया माहीत असेल. खाली मांस सडतंय. त्याची खबर नसांमधून मज्जारज्जूपर्यंत जाते, पण वर जायला वाट नाही. त्याला वेदना होऊच शकत नाही. मग खालचा तुकडा त्याला जमतं तेवढंच करतो, पाय झाडतो. जखम जितकी खोल तितके पाय जास्त उडतात. आमच्याकडे पाय अचानक उडायला लागले की आम्ही आधी कातडी तपासतो.”

हे मला माहीत नव्हतं. एकतीस वर्षं बेडूक दाखवला, व्हिनेगरचा कपटा दाखवला, तो पाय काहीतरी झटकू बघतोय हे मुलांना सांगितलं, आणि स्वतःच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मी विचारलं नाही की हा पाय काय झटकू बघतोय. शरीराजवळ ओरडायला तेवढा एकच मार्ग उरला होता. ते ओरडत होतं, आणि आम्ही तीनशे माणसं त्याच्यापुढे रडत भजनं म्हणत होतो.

विष रक्तात भिनलं. व्हर्लिन सप्टेंबरात गेला. त्याने हातांनी गाडी चालवली, एकदाच, इस्पितळाच्या आवारात, जुलैमध्ये जरा बरं वाटत होतं तेव्हा. ओर्लिना मागे बसली होती. तिने एकही सूचना दिली नाही, असं त्याने मला हसत सांगितलं.

दफनानंतर ओर्लिनाने मला विचारलं, “पहिल्या रविवारी तुला माहीत होतं?”

“हो.”

ती आत निघून गेली. त्यानंतर सगळा हिवाळा ती माझ्याशी बोलली नाही. मीही तिच्या दारात गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

पुढच्या मे महिन्यात आमच्या चर्चचा पाय धुण्याचा दिवस आला. मी मागच्या बाकावर बसले होते. ओर्लिना टॉवेल बांधून, घमेलं घेऊन सगळ्या रांगा ओलांडत आली आणि माझ्यापुढे बसली. वर बघितलं नाही. तिने माझा बूट काढला, मोजा काढला आणि झऱ्याचं पाणी ओतलं. माझा पाय झटकन मागे आला. त्यानंतर, अगदी पाव क्षणाने, गार लागलं.

मला लागलं. वरची वाट शाबूत होती. ओर्लिना माझ्या मागे आलेल्या पायाकडे बघत होती, आणि मग तिने मान वर करून विचारलं, “गार आहे का गं?”

“आहे,” मी म्हटलं. मग दोघीही त्या घमेल्यावर वाकून रडलो.

आता मी निवृत्त आहे. कुणी चमत्काराची बातमी आणली की मी भांडत नाही. एवढंच विचारते: ज्याच्या अंगावर चमत्कार झाला, त्याला डोळे झाकून विचारलंत का? आरसा धरून बघितलंत का? जो म्हणतो तपासू नका, त्याच्या अंगठ्याकडे बघितलंत का? तपासल्याने खरं असेल ते कमी होत नाही. आणि तुम्हाला माहीत असेल, तर पहिल्याच रविवारी उभे राहा आणि बोला. समोरच्याचं हसू मावळेल, मावळू द्या. मी माझ्या मैत्रिणीचं हसू पाच आठवडे जपलं. त्या पाच आठवड्यांत तिचा मुलगा वाचला असता.